इतर हक्क

माणसाच्या आयुष्यात तत्त्वज्ञान कोणत्या दाराने शिरेल याचा नेम नाही. कुणाकडे ते गुरूच्या रूपाने पुढच्या दाराने येतं, कुणाकडे डॉक्टरच्या रिपोर्टबरोबर बंद पाकिटातून येतं. माझ्याकडे ते मागच्या दाराने आलं आणि तेसुद्धा दोन इंची भोकातून.

वास्तविक मी बी.कॉम. झालेला माणूस. बँकेत खिडकीमागे तेवीस वर्षं बसल्यामुळे जगातल्या यच्चयावत प्रश्नांचे मी दोनच प्रकार मानतो : आपल्या खिडकीवरचे आणि शेजारच्या खिडकीवरचे. न्याय म्हणजे काय, मालकी कशाला म्हणावं, हे प्रश्न मी आजवर न चुकता शेजारच्या खिडकीवर पाठवत आलो. लोकही माझ्याकडे येऊन असलं काही विचारत नाहीत. ते पेन मागतात. दिवसाकाठी चाळीस माणसांना तरी मी पेन देतो आणि टोपण स्वतःकडे ठेवून घेतो. टोपण नसलेलं पेन माणूस खिशाला लावत नाही, एवढंच काय ते तत्त्वज्ञान मला नोकरीने शिकवलं आहे.

आमचं घर साताऱ्याच्या जरा बाहेरच्या अंगाला. वडिलांनी 1983 साली दीड गुंठ्याचा बिनशेती प्लॉट घेतला आणि पुढची दहा वर्षं पगारातून एकेक भिंत उभी केली. घरामागे बारा फुटांचं परसदार आहे. त्यात एक पेरू, एक कढीपत्ता, एक धुण्याचा दगड आणि कुंपणापलीकडून डोकावणारे दामूअण्णा. दामूअण्णा कोर्टातून निवृत्त झालेले. नोकरीतून माणूस बाहेर येतो, पण माणसातून नोकरी बाहेर येत नाही. आमच्या पेरूची फांदी त्यांच्या हद्दीत गेली तर ते तिला 'अतिक्रमण' म्हणतात आणि तिच्यावरचे पेरू खातात त्याला 'वहिवाट' म्हणतात.

तर मार्च महिन्यातली गोष्ट. 20 मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. 2010 पासून तो पाळतात. त्या दिवशी सकाळपासून माझ्या मोबाईलवर 'चिमण्या वाचवा' असे एकोणतीस संदेश आले आणि मी ते सगळेच्या सगळे पुढे पाठवले. हिने ते पाहिलं आणि म्हणाली, "अहो, नुसता अंगठा हलवून चिमण्या वाचत असत्या तर आत्तापर्यंत आकाश दिसलं नसतं. काहीतरी करा." आमच्याकडे 'काहीतरी करा' या वाक्यानंतर काहीतरी करावंच लागतं.

माळ्यावर एक सागवानी खण पडला होता. बँकेने जुनी लेजरं ठेवायची कपाटं भंगारात काढली तेव्हा तो मी रीतसर पावती फाडून घेतला होता. तो सुताराकडे नेला. म्हटलं, "याची चिमण्यांसाठी पेटी करून द्या. पुढं एक गोल भोक." त्याने दोन दिवसांत करून दिली. पेटी मागच्या भिंतीवर, पन्हाळीखाली टांगली आणि आपण निसर्गाचं कर्ज फेडलं अशा समाधानाने मी चहा प्यायलो.

सहाव्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. चिमणा. गळ्याखाली काळा रुमाल बांधलेला, एकंदर रुबाब प्लॉट बघायला आलेल्या मध्यमवर्गीयाचा. भोकाशी बसून त्याने चारी दिशांना चिवचिवाट केला. पक्ष्यांमध्ये जागा आधी नराने धरायची आणि मग ओरडून बायकोला बोलवायचं, अशी पद्धत आहे. माणसांमध्ये जागा मिळेपर्यंत बायकोच ओरडते, एवढाच फरक. चिमणी आली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. ओट्याची उंची बघत असावी. मग दोघांनी काड्या आणायला सुरुवात केली. काड्या, कापूस, कोंबडीचं पीस आणि एके दिवशी चक्क व्हाउचरं बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा. तो बघून तर मला ते जोडपं खात्यातलंच वाटायला लागलं.

चार दिवस सुखाचे गेले. पाचव्या दिवशी दयाळ आला. तुम्ही दयाळ पाहिला नसेल तर वकील पाहिला असेल. तोच. काळा कोट, खाली पांढरं, शेपटी उभी आणि आवाज असा गोड की समोरच्याचं नुकसान होतंय हे त्याच्या लक्षातच येऊ नये. पहाटे पाचला तारेवर बसून तो गाऊ लागला की वाटावं, आकाशवाणीला लागलाय. बांगलादेशचा हा राष्ट्रीय पक्षी. आमच्याकडे मात्र पोटभाडेकरूसारखा आला. झाडातली ढोली, भिंतीतलं भोक असं काहीतरी त्यालाही घरट्याला लागतंच. त्याने दोन दिवस पेटीवर युक्तिवाद केला. चिमणा बाहेर खिळ्यासारखा बसून राहिला आणि चिमणी आतून बोलत राहिली. शेवटी दयाळ तारीख घेऊन निघून गेला.

मग साळुंक्या आल्या.

साळुंकी हा पक्षी पहिल्यापासूनच मला वसुली अधिकाऱ्यासारखा वाटतो. पिवळे बूट, डोळ्यांभोवती पिवळी चौकट आणि चाल अशी की जमीन आपल्याच नावावर आहे. जोडी आली, पेटीच्या टपावर बसली आणि एकीने डोकं आत घालून चिमणीची एक काडी ओढून खाली टाकली. मग दुसरी. मग कापूस. वॉरंट नाही, नोटीस नाही, थेट सामान रस्त्यावर. चिमणा जिवाच्या आकांताने ओरडत होता. पण चिमण्याचं वजन ते किती आणि साळुंकीचं किती! तिसऱ्या दिवशी सकाळी धुण्याच्या दगडाजवळ एक अंडं फुटलेलं दिसलं. पांढरट, त्यावर करडे ठिपके. करंगळीच्या टोकाएवढं.

हिने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. नुसती पदराला हात पुसत उभी राहिली. मी बांबूची धुणं वाळत घालायची काठी उचलली.

"थांबा," कुंपणापलीकडून दामूअण्णा म्हणाले. "काठी कोणत्या अधिकारात उचलताय?"

"पेटी माझी आहे."

"पेटी तुमची. ताबा कोणाचा?"

"चिमणीचा होता."

"होता ना? आता साळुंकीचा आहे. उद्या दयाळाचा असेल. तुम्ही मालक, ते कब्जेदार. मालकाने मध्ये पडायचं नाही. कोर्टात जायचं."

आता तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञान कुठे आलं? तेच सांगतो. काठी हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो आणि आयुष्यात प्रथमच शेजारच्या खिडकीवरचा प्रश्न माझ्या खिडकीवर आला : जागा कोणाची? आधी आला त्याची? ज्याने काड्या आणल्या त्याची? ज्याला गरज आहे त्याची? की ज्याची चोच मोठी त्याची?

बँकेचा माणूस म्हणून माझं पहिलं उत्तर सरळ होतं. टोकन नंबर एक : चिमणी. विषय संपला. पण रात्री कन्येने तो पुन्हा उघडला. ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि घरात कोणी काही ठाम बोललं की तिला त्याची दुसरी बाजू आठवते. ती म्हणाली, "बाबा, अमेरिकेत याच्या उलट आहे." एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लोकांनी युरोपातल्या चिमण्या हौसेने न्यूयॉर्कला नेऊन सोडल्या. त्या देशभर पसरल्या. आता तिकडचे लोक नीलपक्ष्यांसाठी परसात पेट्या टांगतात आणि आपल्या या गरीब चिऊताई आत घुसून नीलपक्ष्यांची अंडी फोडतात. तिकडे काठी चिमणीवर उचलतात! साळुंकीचंही तेच. 1862 मध्ये ती मेलबर्नला नेली, पिकावरचे किडे खाईल म्हणून. तिने किडे खाल्ले की नाही ठाऊक नाही, पण तिथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावल्या. 2000 साली जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची यादी निघाली, तीत साळुंकीचं नाव आहे. म्हणजे चिमणी साताऱ्यात फिर्यादी आणि अमेरिकेत आरोपी. पक्षी तोच, चोच तीच. फक्त शाखा बदलली.

"मग खरं कोण?" मी विचारलं.

"लॉक वाचा," ती म्हणाली.

लॉक हा लॉकरचा मूळ पुरुष असावा असा माझा समज होता. तो सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ निघाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, माणसाने एखाद्या गोष्टीत आपले कष्ट मिसळले की ती त्याची होते. मला हे एकदम पटलं. चिमणीने काड्या आणल्या, कष्ट मिसळले, पेटी तिची. पण कन्या म्हणाली, त्याने पुढे एक अट घातली आहे : इतरांसाठी तितकंच आणि तसंच मागे उरलं पाहिजे. मी खिडकीतून बाहेर बघितलं. भिंत सिमेंटची, छत स्लॅबचं, पलीकडच्या घरांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. पूर्वी कौलांखाली, तुळयांच्या फटीत, फोटोंच्या मागे पक्ष्यांना पन्नास जागा असत. आम्ही त्या एकेक करून लिंपून घेतल्या आणि मग एक पेटी टांगून, आता भांडू नका म्हणून सांगायला निघालो.

ही जागेची टंचाई किती जुनी असते याची एक हकीकत सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. दहाएक वर्षांचे असताना, 1906-07 च्या सुमारास, त्यांनी चेंबूरला घोड्यांच्या तबेल्यातल्या एका भोकाशी पहारा देणारा चिमणा छऱ्याच्या बंदुकीने मारला. मादी आत अंड्यांवर. थोड्याच वेळात तिच्याकडे दुसरा नर येऊन त्याच खिळ्यावर बसला. त्यालाही मारलं, तर तिसरा. सात दिवसांत आठ नर! पोरवयातली ती नोंद पुढे मोठ्या शास्त्रज्ञाच्या कामी आली. मला मात्र त्यातून वेगळंच दिसलं : प्रत्येक भोकाबाहेर एक अदृश्य रांग उभी असते. आत असलेल्याला ती दिसत नाही, एवढंच. (ही हकीकत मी हिला सांगितली नाही. नवरा इतक्या लवकर बदलून मिळतो हे कळून काय उपयोग?)

आणि आत असलेल्याला रांग दिसू नये याची व्यवस्था आपण फार लवकर करतो. आपल्याकडे मूल बोलायला लागलं की पहिली गोष्ट कोणती सांगतात? कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो भिजत चिमणीच्या दाराशी येतो आणि चिमणी आतून एकेक सबब सांगत राहते : बाळाला न्हाऊ घालायचंय, बाळाला काजळ घालायचंय. लहानपणी आई ही गोष्ट सांगायची तेव्हा मी आणि सुमन दोघंही पोट धरून हसायचो. सुमन माझी धाकटी बहीण. एकदाच, पाचएक वर्षांची असताना, तिने विचारलं होतं, "मग कावळा कुठं झोपला?" आई म्हणाली, "झोप आता." आमच्या घरातला तो पहिला कायदेशीर प्रश्न, आणि तो असा निकाली निघाला.

असो. दुसऱ्या दिवशी मी चिडून सुताराकडे गेलो. म्हटलं, "अहो, चिमण्यांची पेटी सांगितली होती, त्यात साळुंक्या कशा शिरल्या?"

तो म्हणाला, "भोक दोन इंचाचं हाय, शिरनारच की."

"दोन इंचाचं का पाडलंत? चिमणीला सव्वा इंच पुरतं!"

"सायेब, माप तुमी कुटं सांगितलं? माज्याकडं पायपाच्या भोकाचं पातं हाय, दोन इंची. त्येनंच पाडलं."

मी तिथल्या लाकडाच्या ढलप्यांवर थोडा वेळ उभा राहिलो. चिमणी आणि साळुंकी यांच्यात कोण योग्य, यावर आम्ही घरातले तीन आणि कुंपणापलीकडचे एक, असे चार विद्वान आठवडाभर भांडत होतो. पण निकाल आमच्या परसात लागलाच नव्हता. तो सुताराच्या दुकानात, पेटी टांगायच्या आधीच लागला होता. सव्वा इंचाचं भोक असतं तर साळुंकीने कितीही आदळआपट केली असती तरी तिचं डोकं आत गेलं नसतं. मी दोन इंचाचं भोक पाडून ठेवलं, पंचाचा डगला चढवून खुर्चीत बसलो आणि म्हणालो, होऊ दे, निसर्गाचा न्याय आहे! ज्याने भोकाचं माप ठरवलं, त्याने 'मी यात पडत नाही' म्हणू नये. तो आधीच पडलेला असतो.

हे मला सुचलं तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूष झालो. घरी येऊन हिला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "छान. सुमन शनिवारी येतेय. ते कागद वर काढून ठेवा."

आता कागदांबद्दल सांगायला हवं. नाहीतर वाचकांना वाटायचं, हा गृहस्थ पक्ष्यांचं भलं चिंतणारा कोणी साधुपुरुष आहे.

वडील 2009 साली गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारसाची नोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून माझं नाव लागलं, आणि आईचं आणि सुमनचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात गेलं. तशीच पद्धत होती, सगळ्यांचं तसंच जायचं. कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. पुढे आई गेली. यंदा आम्हाला वर एक खोली चढवायची होती, त्यासाठी कर्ज काढायचं होतं, आणि कर्जासाठी उतारा साफ हवा होता. म्हणून वकिलाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा आणून ठेवला होता. सुमनने सही करायची, मग दोघांनी नोंदणी कार्यालयात जायचं, फोटो, अंगठा, संपलं. अर्ध्या तासाचं काम. मी स्वतः खिडकीवर बसून शेकडो लोकांना हे सांगितलं आहे : "बहिणीचं हक्कसोड आणा, मग पुढचं बघू." इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला 'भावाचं आणू का?' असं विचारलं नाही.

आमची बाजू लंगडी होती असं समजू नका. आईचं तीन वर्षांचं आजारपण आम्ही काढलं. हिने काढलं, खरं म्हणजे. स्लॅब गळत होता तो आम्ही केला. सुमनच्या लग्नात वडिलांनी फंडातून पैसे काढले होते. लॉकच्या भाषेत सांगायचं तर, या घरात आम्ही कष्ट मिसळले होते. हिचं म्हणणं वावगं नव्हतंच. प्रश्न काड्या कोणी आणल्या हा नव्हता. प्रश्न भोकाचा होता.

दामूअण्णांना मी सहज म्हणून विचारलं, "बारा वर्षं ताबा असला की मालकी होते ना हो?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "परक्याच्या जागेत. सख्ख्या वारसांत नाही. सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा. तुम्ही राहताय ते तिच्या वतीनेसुद्धा राहताय. आणि वडिलांची स्वकष्टार्जित जागा म्हणाल, तर मुलीला मुलाइतकाच वाटा 1956 पासून आहे." मग जरा थांबून म्हणाले, "पक्ष्यांचं विचारताय ना?"

"हो, हो. पक्ष्यांचंच," मी म्हणालो.

शनिवारी सुमन आली. ती कोल्हापूरला असते. भाड्याच्या दोन खोल्या, अकरा महिन्यांचा करार. दर दोन-तीन वर्षांनी मालकाला मुलाचं लग्न तरी निघतं किंवा रंगकाम तरी निघतं, आणि ही टेम्पो बोलावते. सतरा वर्षांत सात घरं. पण आमच्याकडे आली की तिने कधी त्याचं रडगाणं गायलं नाही. आल्याआल्या ती मागच्या दारी गेली. तिची ती सवयच आहे. पेरूच्या बुंध्याला हात लावून आली की मग पाणी पिते.

"दादा, ही पेटी कसली?"

मी तिला सगळं सविस्तर सांगितलं. चिमणी, दयाळ, साळुंकी, सलीम अली, लॉक, सव्वा इंच, सगळं. बोलताना मी असा रंगलो की भोकाच्या मापाचा सिद्धांत तिला दोनदा सांगितला. साळुंक्या तोवर स्थिरस्थावर झाल्या होत्या. पेटीच्या तोंडाशी कोणाची तरी एटीएमची चिठ्ठी लोंबत होती. काठी मी केव्हाच ठेवून दिली होती. आत त्यांचीही अंडी असतील, आता त्यांना हाकलणं म्हणजे एक चूक दोनदा करणं. सुमन धुण्याच्या दगडावर बसून बघत होती.

"मग चिमण्या कुठं गेल्या?" तिने विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. तेच ते, 'मग कावळा कुठं झोपला'. चाळीस वर्षांत या मुलीने प्रश्न बदलला नव्हता.

ती उठली, हात झटकले आणि अगदी सहज, मीठ कुठं आहे विचारावं तशी म्हणाली, "वहिनी फोनवर म्हणत होती, कसलीतरी सही करायचीय. आण की. जेवायच्या आधी करून टाकते. पेन दे."

कुरकूर नाही, टोमणा नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. तिने नुसता हात पुढे केला. माझ्या शर्टाच्या खिशाला पेन होतं. तेवीस वर्षं खिडकीवर बसलेला माणूस मी. तीन लाख लोकांना तरी पेन दिलं असेल. आणि त्या दिवशी मी सख्ख्या बहिणीला म्हणालो, "पेन नाहीये."

ती माझ्या खिशाकडे बघून हसली. "दादा, टोपण दिसतंय."

"चालत नाही ते," मी म्हणालो. "शाई संपलीय."

हे ऐकून हिने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. मला वाटलं, आता प्रसंग आला. पण ती माझ्याकडे आणि सुमनकडे आळीपाळीने बघत राहिली आणि म्हणाली, "पानं घेतलीत. चला."

रात्री दिवा मालवल्यावर ती बराच वेळ जागी होती. मग म्हणाली, "आईंचं सगळं मी केलं ते घरासाठी केलं नव्हतं. पण तुम्ही एकदा तरी म्हणाला असता ना, की तू केलंस..." मी म्हणालो. तेवीस वर्षांच्या नोकरीत इतकं उशिरा भरलेलं चलन मी पाहिलेलं नाही, पण तिने ते दंड न लावता घेतलं. थोड्या वेळाने अंधारातून तिचा आवाज आला, "वरच्या खोलीचा जिना मग बाहेरून काढा. वेगळं दार असलं म्हणजे तिला संकोच नको."

मी फार मोठा त्याग केला असं कृपा करून समजू नका. जे माझं नव्हतं ते मी घेतलं नाही, एवढंच. याला बँकेत 'हिशेब जुळला' म्हणतात, 'दानधर्म' म्हणत नाहीत. सुमनचं नाव 'इतर हक्क'मधून काढून माझ्या नावाशेजारी घ्यावं, असा अर्ज मी दिला आहे. अर्ज सध्या सरकारी टेबलांवर आपली यात्रा करतो आहे. कर्जाच्या कागदावर आता दोघांच्या सह्या लागतील. आमच्याच खिडकीवरच्या सहकाऱ्याने मला विचारलं, "हक्कसोड नाही आणलं?" मी त्याला शेजारच्या खिडकीवर पाठवलं.

दुसरी पेटीही टांगली आहे. या वेळी मी स्वतः पट्टी घेऊन सुताराच्या डोक्यावर उभा राहिलो आणि सव्वा इंचाचं भोक पाडून घेतलं. एक चिमणा येऊन दोनदा डोकावून गेला. अजून काड्या आणलेल्या नाहीत. सध्या आत एक पाल राहते. दामूअण्णांचं मत आहे की ताबा पालीचा आहे आणि मी मध्ये पडू नये. पण मी काठी पुन्हा शोधून ठेवली आहे.